कॅप्टन व्याह्यांच्या मुलखात

नागपूरचा माणूस मुंबईला जाऊन आला की लोक त्याला दोनच गोष्टी विचारतात : काम झालं का आणि समुद्र पाहिला का. कामाचं शेवटी सांगतो. समुद्र पाहिला. एकतिसाव्या मजल्यावरून, दुसऱ्याच्या घरातून, दुसऱ्याच्या चहाचा कप हातात धरून पाहिला. असा समुद्र पाहण्यात काही सुख नसतं, हे ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांच्या समाधानासाठी आधीच लिहून ठेवतो.

माझा मुलगा निनाद मुंबईत नोकरी करतो आणि माटुंग्याला एका खोलीत राहतो. त्याचं लग्न ईशा परब नावाच्या मुलीशी ठरलं. मुलगी गुणी आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार तिच्या वडिलांबद्दल आहे. कॅप्टन दत्ताराम परब. आधी हवाई दलात लढाऊ विमानं चालवायचे, आता एका विमान कंपनीत कॅप्टन आहेत. लग्न ठरल्यापासून निनादचा फोन आला की तिसऱ्या वाक्याला "कॅप्टन म्हणतात" हे यायचंच. पूर्वी हा मुलगा मिक्सर कोणता घ्यावा हेसुद्धा मला विचारायचा. आता मिक्सरही कॅप्टनच सांगू लागले.

मीही विमानांच्याच धंद्यातला, हे इथे सांगायला हवं. नागपूरच्या नियंत्रण कक्षात मी आयुष्य काढलं. देशाच्या चारी दिशांची विमानं आमच्या डोक्यावरून जातात. कोणी किती उंचीवरून, कुठून, कोणाच्या मागून जायचं ते आम्ही सांगायचं आणि कॅप्टन लोकांनी ऐकायचं. खोलीला खिडकी नव्हती. ज्या विमानांना मी वाट दाखवली त्यातलं एकही मला दिसलं नाही, आणि त्यातल्या एकाही प्रवाशाला माझं नाव ठाऊक नाही. विमान उतरल्यावर दारात उभं राहून नमस्कार घेतो तो कॅप्टन. मलाही पायलट व्हायचं होतं का? होतं. तरुणपणी निवडीला गेलो होतो. तिथे पायांची लांबी मोजतात, माझे दोन बोटं कमी भरले. बाकी सगळं ठीक होतं, असं त्यांनी मला मुद्दाम सांगितलं.

बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मी एकटाच निघालो. निमित्त होतं बोलणी आणि केळवण. खरं कारण मंगलाला ठाऊक होतं, म्हणूनच तिने निघताना बजावलं, "तिथे तोंड वाकडं करून बसू नका जी. पोरगा कुठे पळून नाही चालला."

पळून चालला नव्हता, पण चालला होता. मला माझा मुलगा परत हवा होता.

दादर

प्रवासातलं काही सांगण्यासारखं नाही. दादरला उतरलो तर फलाटावर निनाद आणि त्याच्याशेजारी एक उंच गृहस्थ. चौकड्यांचा साधा शर्ट, पायात चपला. साठी उलटलेली, पण डोक्यावर केस असे की माझ्या लग्नातल्या फोटोतही माझे तेवढे नाहीत. मी निनादला हाक मारायच्या आत त्यांनी माझी बॅग उचललीसुद्धा.

"या नाना. त्रास नाही ना झाला?"

मला घरी नाना म्हणतात हे निनादनेच सांगितलं असणार. मी मनाशी ठरवलं की आपण ह्यांना कॅप्टन म्हणायचं नाही. परब म्हणायचं. इतकी वर्षं शेकडो कॅप्टन लोकांना विमानाच्या नंबराने हाका मारल्या, तिथे आडनाव म्हणजे पुष्कळ झालं.

स्टेशनाबाहेर फुलबाजार. झेंडूचे ढीग, शेवंतीचे हारे, आणि सगळ्याच्या मधून वाट काढत जाणारी माणसं. आमच्याकडे माणूस भेटला की थांबतो. इथे चालता चालताच बोलतात, आणि बोलणं अर्धं राहिलं तर ते तसंच सोडून पुढे जातात. कोणाला राग येत नाही. एका हारवाल्याने परबांना पाहून "काय पायलट, आज जमिनीवर?" म्हटलं, तर परबांनी "उद्या पण!" म्हणून उत्तर दिलं. दोघांपैकी कोणीही मान वळवली नाही.

आम्ही एका जुन्या खानावळीत शिरलो. मी थालीपीठ सांगितलं. परब त्याच वेळी वेटरला म्हणत होते, "मला पण थाली..." आणि मध्येच थांबून म्हणाले, "नको. मला साबुदाणा वडा." मग मी पियूष मागवलं, तर त्यांनी ताक. खाऊन झाल्यावर मी चहा म्हटलं, तर त्यांनी कॉफी. माझ्या लक्षात आलं, हा माणूस समोरच्यासारखं काही म्हणून करणार नाही. त्याचं निराळं हवं. निनादला मी हळूच म्हटलं, "फार शिष्ट दिसतात रे." निनाद म्हणाला, "बाबा, आल्या आल्या सुरू करू नका ना."

तसं थालीपीठ चांगलं होतं. लोणी मात्र नागपूरच्या मानाने मोजूनमापून.

परळ

परबांचं घर परळला एका टॉवरमध्ये आहे. लिफ्ट इतकी वेगाने वर गेली की माझ्या कानाला दडे बसले. परब म्हणाले, "आवंढा गिळा नाना, सुटतील." विमानाच्या धंद्यात जन्म गेला आणि कानाचे दडे कसे सोडवायचे हे मला हा माणूस सांगत होता. मी मुद्दाम आवंढा गिळला नाही. जेवणापर्यंत मला डाव्या कानाने कमी ऐकू येत होतं.

बैठकीच्या खिडकीतून एका बाजूला समुद्राची पट्टी दिसते, दुसऱ्या बाजूला लालबागच्या चाळींची कौलं. परबांनी बोट करून दाखवलं. "ती हिरवा पत्रा घातलेली आहे ना, त्या चाळीत आम्ही राहायचो. सहा जण, एक खोली. वडील ह्याच जागेवर गिरणीत होते. ही बिल्डिंग आहे ना, इथे त्यांचं मागांचं साचाखातं होतं."

म्हणजे बघा. वडील जिथे यंत्रावर उभे राहिले, त्याच जमिनीवर, हवेत एकतीस मजले वर, मुलगा सोफ्यावर बसलेला. आमचे वडील पोस्टात होते, आम्ही तीन खोल्यांत वाढलो, आणि त्यात कोणाला सांगण्यासारखं काही नाही. ह्या माणसाची गरिबीसुद्धा देखणी होती. निनाद ते सगळं शंभराव्यांदा ऐकत असावा, तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखा बघत होता. त्या नजरेसाठी मी नागपूरहून आलो होतो आणि ती माझ्याकडे नव्हती.

दुपारी जेवायला बसलो. परबांच्या मिसेस शुभांगीताई मूळच्या मालवणकडच्या. बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं, भात, सोलकढी. मी बांगडा घेतला. परबांनी लगेच तिसऱ्या ओढल्या. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं, कारण शुभांगीताई हसल्या.

"भावजी, त्यांचं मनावर घेऊ नका हां. विमानात दोघा पायलटना एकच जेवण देत नाहीत. जेवण बाधलं तर दोघं एकदम आडवे व्हायला नकोत म्हणून. ह्यांनी ती सवय घरी आणली. शेजारी बसेल त्याच्यापेक्षा वेगळं खायचं. कंपनीत लागल्याला वीस वर्षं होत आली, एका ताटातला एक घास सारखा नाही आमचा."

"सवय मोडत नाही," परब ओशाळून म्हणाले. ओशाळणंही त्यांना शोभत होतं.

आमच्याकडे मासा म्हणजे क्वचित, तोही तलावातला. बांगड्याच्या काट्यांशी माझी ओळख नव्हती. मी भाताबरोबर मोठा घास घेतला आणि नेमकं त्याच वेळी परबांनी हातातला घास खाली ठेवला.

"नाना, एक विचारायचं होतं. निनादला मी आधी बोललो नाही, म्हटलं समोर विचारू. मी कोलकात्याला चाललो होतो. नागपूरच्या अलीकडे वळवाचे ढग, भिंत उभी राहावी तसे. आणि विमानाच्या नाकातलं रडार बंद पडलं. पुढे काय आहे ते दिसेना. मागे फिरावं तर मागची वाटही बंद होत चाललेली. तेव्हा नागपूरवरून एक आवाज आला. जरा डावीकडे या, आता सरळ, आता उजवीकडे. भाजी आणायला पाठवावं इतक्या शांतपणे तो माणूस बोलत होता. त्याने आम्हाला ढगांच्या फटीतून बाहेर काढलं. शेवटी सगळं इंग्रजीतलं संपल्यावर तो हळूच मराठीत म्हणाला, 'सांभाळून जा जी.' बस. मी आजवर त्या आवाजाला विसरलो नाही. निनादचे बाबा नागपूरला होते हे कळल्यापासून मनात आहे. तो आवाज तुमचाच ना?"

काटा माझ्या घशात उभा राहिला होता.

मला बोलताच येईना. श्वास अडकला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मी एक हात वर केला, तो "थांबा" म्हणून. ईशाला वाटलं मला भरून आलं. तिचेही डोळे भरले. शुभांगीताई पदराला हात पुसत म्हणाल्या, "बघा, न सांगता इतकी वर्षं मनात ठेवलंन." आणि निनाद माझ्याकडे पाहत होता. ज्या नजरेने तो कॅप्टनकडे बघायचा, तीच नजर.

मी भाताचा कोरडा गोळा गिळला. काटा गेला. आता बोलता येत होतं.

आमच्या धंद्यातला एक नियम सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आम्ही वैमानिकाला सूचना दिली की ती त्याने शब्द न् शब्द परत म्हणून दाखवायची. बरोबर म्हणाला तर पुढे जायचं. चूक म्हणाला तर आम्ही ताबडतोब "निगेटिव्ह" म्हणून दुरुस्त करायचं. आम्ही गप्प बसलो, तर चूक त्याची राहत नाही, आमची होते. नोकरीत पहिल्या दिवशी शिकवतात आणि शेवटच्या दिवसापर्यंत हे झोपेतही सुटत नाही.

तो आवाज माझा नव्हता. देशकरचा होता. नियम मोडून मराठीत "सांभाळून जा जी" म्हणणारा आमच्याकडे तो एकटाच. मी उभ्या नोकरीत कोणाला एक जादा शब्द बोललो नाही.

मी सोलकढीचा घोट घेतला आणि गप्प बसलो.

लालबाग

दुसऱ्या दिवशी सकाळी निनाद रजा टाकून आला आणि मला लालबागला घेऊन गेला. केळवण परबांच्या जुन्या चाळीत होतं, तिथल्या लोकांची आधी ओळख व्हावी म्हणून. रस्ता ओलांडताना त्याने माझा दंड धरला. तो लहान होता तेव्हा मी त्याचा धरायचो, त्यानंतर कोणी कोणाचा धरल्याचं आठवत नाही.

मसाल्याच्या दुकानांची ती गल्ली मात्र पाहण्यासारखी आहे. मिरच्यांची पोतीच्या पोती, आणि कुटण्याच्या यंत्रांचा धाड धाड आवाज. लोक घरून भाजलेला मसाला आणतात आणि स्वतः उभं राहून कुटून घेतात, नजर हटवत नाहीत. आमच्या सावजी मसाल्याचा तिखटपणा मी ऐकवला, तर दुकानदार म्हणाला, "तिखट कोणी पण करेल काका. वास पायजे." हा दुकानदार म्हणजे बाळा, परबांचा शाळेपासूनचा दोस्त. केळवणाचं सगळं त्याच्याच अंगावर होतं.

"बाळाकाका, हे माझे बाबा," निनाद म्हणाला. "कॅप्टनचं विमान ढगात अडकलेलं ना, ते ह्यांनी काढलं बाहेर."

"काय सांगतोस! दत्ताचं विमान?" बाळाने कामावरच्या माणसाला ओरडून यंत्र बंद करायला लावलं. गल्लीत एकदम शांतता झाली. "म्हणजे आमचो पायलट जिता आसा तो तुमच्यामुळे?"

"तसं नाही हो," मी म्हटलं. लोकांनी ते मोठेपणाने म्हटलं असं समजून घेतलं. मीही समजू दिलं.

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. चाळीच्या जिन्यात, गॅलरीत, नळापाशी निनाद सगळ्यांना सांगत सुटला. दर मजल्यावर ढग वाढत गेले. तिसऱ्या मजल्यापर्यंत विमानाचं एक इंजिनही बंद पडलं होतं. चाळीतल्या दारांना दिवसा कडी नसते. एका घरात मला चहा मिळाला, दुसऱ्यात त्याच चहाबरोबर खायला शंकरपाळे. आमच्या कॉलनीत शेजाऱ्याकडे जायचं तर आधी फोन करावा लागतो. सकाळपासून निनादच्या तोंडी बाबा, बाबा. "कॅप्टन म्हणतात" एकदाही आलं नाही.

दुपारी मंगलाला फोन केला. सगळं सांगितलं, काटाही सांगितला.

"देशकर भाऊजींचा आवाज होता तो. तुम्हीच सांगितलं होतं मला, त्याच दिवशी घरी येऊन. चिडून सांगत होते तुम्ही."

"अगं पण काट्यामुळे बोलता नाही आलं नं."

"अन् काटा अजून आहे का?" ती म्हणाली.

मी म्हटलं आवाज कटून राहिला आहे, आणि फोन ठेवला. आतापर्यंत मी एका माणसावर जळत होतो. आता देशकर धरून दोन झाले.

गिरगाव

तिसऱ्या दिवशी ईशा, निनाद आणि शुभांगीताई लग्नाच्या साड्या घ्यायला गेले, आणि परब मला गिरगावात फिरवायला घेऊन निघाले. मी टाळायचा प्रयत्न केला. पाय दुखतात म्हटलं, तर ते म्हणाले, "हळू चालू, मलाही हळूच चालायला हवंय." मोठ्या इमारतींच्या मधोमध खोताची वाडी आहे. लाकडी घरं, बाहेर जिने, गॅलरीत कुंड्या. एका दारावर क्रूस, पुढच्या दाराला आंब्याचं तोरण. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरून उभं राहावं लागतं. इतकी शांतता मी नागपुरात दुपारीही ऐकली नव्हती.

तिथल्या एका पायरीवर बसून परब बोलू लागले. मी विचारलं नव्हतं.

"लढाऊ विमानात माणूस एकटा असतो नाना. वळण घेताना रक्त पायात उतरतं, समोरचं काळं व्हायला लागतं, तेव्हा पोट आवळून, पाय दाबून स्वतःच स्वतःला जागं ठेवायचं. वीस वर्षं मी शेजारी कोणी असतं हेच विसरलो होतो. मग इकडे आलो. विंग कमांडर होतो, पण इथे परत को-पायलट. माझा कॅप्टन पोरगा होता, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. पहिल्याच फेरीत त्याच्या वाटचं काम मी हात पुढे करून करून टाकलं. एकदा नाही, चारदा. त्याने माझं मनगट धरलं आणि म्हणाला, सर, मी इथेच बसलोय."

"मग?"

"मग काय. रात्रभर राग. सकाळी कळलं, त्याचं बरोबर होतं. मी त्याला मोजलंच नव्हतं. शेजारच्या खुर्चीत माणूस आहे हे शिकायला मला वर्ष लागलं. पहिली परीक्षा नापास झालो."

मी कधीच कशात नापास झालो नाही. दोन बोटं सोडली तर. तरी त्यांचं नापास होणं माझ्या पास होण्यापेक्षा ऐकायला बरं वाटत होतं, आणि हेच मला सहन होत नव्हतं. शेजारच्या खुर्चीबद्दल हा माणूस मला शिकवत होता! वळवाच्या त्या दिवशी देशकरच्या शेजारच्या खुर्चीत कोण होतं? मी होतो. तो बोलत होता ते सगळं माझ्या तोंडून आधी गेलेलं होतं. पण वैमानिकाला ऐकू जातो तो एकच आवाज.

हे सगळं त्या पायरीवरच बोलून टाकता आलं असतं. त्यात माझीही बाजू राहिली असती. मी तोंड उघडलं तेवढ्यात परब म्हणाले, "निनाद मला काल म्हणाला, बाबांनी कधी सांगितलंच नाही घरी. त्याला फार अभिमान आहे तुमचा." मी तोंड मिटलं आणि भूक लागली म्हणालो.

खानावळीत त्यांनी मला आधी विचारलं. मी डाळिंब्यांची उसळ म्हटलं. त्यांनी कोथिंबीर वडी घेतली. उसळ फार सुरेख होती, पण गळ्याखाली नीट उतरली नाही, आणि ह्या वेळी काटाही नव्हता.

पुन्हा लालबाग

केळवण त्याच संध्याकाळी चाळीच्या खालच्या मंडळाच्या खोलीत होतं. आमच्याकडे केळवण घरातल्या घरात उरकतात, इथे चाळच यजमान. भिंतीला फुलांच्या माळा, पुढे चार खुर्च्या, मागे पंगतीची पानं मांडलेली. कोंबडीच्या रश्श्याचा वास आणि तळणीतून निघणारे वडे. न खाणाऱ्यांसाठी काळ्या वाटाण्याची आमटी आणि श्रीखंड. पोरं मध्येच पानांवरून उड्या मारत होती आणि त्यांना कोणी फारसं ओरडत नव्हतं.

ईशा-निनादचं ओवाळणं झालं. मग बाळाने माईक हातात घेतला.

"आता एक खास सत्कार. आपलो दत्ता आज आपल्यात हाय तो ज्यांच्यामुळे, ते आपले नागपूरचे व्याही!"

टाळ्या, शिट्ट्या. माझ्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. निनाद पहिल्या रांगेत उभा राहून फोनवर चित्रण करत होता. बाळाने माईक माझ्या तोंडाशी धरला.

जन्मभर मी माईकसमोर बसलो, पण समोर माणसं कधी नव्हती. माझा अंगठा आपोआप बोलायचं बटण शोधू लागला. तिथे नारळ होता. आणि बटण दाबायची सवय लागलेल्या अंगठ्याबरोबर पुढचा शब्दही आपोआप बाहेर आला.

"निगेटिव्ह."

कोणाला काही कळलं नाही. परबांना कळलं. ते खुर्चीत सरळ झाले.

"चूक दुरुस्त करायला मला दोन दिवस उशीर झाला," मी म्हटलं. "तो आवाज माझा नव्हता. देशकर म्हणून माझा सहकारी होता, त्याचा होता. परबांनी विचारलं तेव्हा माझ्या घशात काटा अडकला होता. पण तो लगेच गेला होता. नंतर मीच बोललो नाही."

परब सवयीने हळूच म्हणाले, "आवाज तुमचा नव्हता. देशकरांचा होता."

"बरोबर," मी म्हटलं. सवय मलाही आहे.

बाळाने माईक खाली घेतला. मागून कोणीतरी खोकलं. मी शाल काढून घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. निनादने फोन खाली केला होता. त्याच्या तोंडाकडे पाहायचं मी टाळलं, तरी दिसलंच. शाळेच्या गॅदरिंगला मी शिफ्टमुळे पोचलो नाही की त्याचं असंच तोंड व्हायचं. म्हटलं, झालं. आता मिक्सर, घर, पोरंबाळं, सगळं कॅप्टनच सांगतील. सांगू देत.

"नाना," परबांचा आवाज आला. ते जागेवरून उठलेही नव्हते. "देशकरांच्या शेजारी कोण होतं?"

मी वळून पाहिलं.

"शेजारच्या खुर्चीत हो. एकटा माणूस तिथे बसत नाही ना?"

"मी होतो," मी म्हटलं.

"आणि काय करत होतात?"

"एका कानाला हवामानवाल्यांचा फोन. त्यांच्या रडारवर ढगातली फट कुठे आहे ते ते सांगत होते. दुसऱ्या फोनवरून तुमच्या वाटेतली बाकीची विमानं वर-खाली करून घेत होतो. अन् देशकरला सांगत होतो, आता डावीकडे, आता सरळ. तो तुम्हाला सांगत होता."

"म्हणजे शब्द तुमचे."

"फट हवामानवाल्यांची, आवाज देशकरचा. 'सांभाळून जा' हेही त्याचंच. मला ते सुचलं नसतं."

परब उठले. त्यांनी खुर्चीवरची शाल उचलली आणि पुन्हा माझ्या खांद्यावर टाकली. टाळ्या ह्या वेळी कमी पडल्या, कारण अर्ध्या लोकांना काय झालं तेच समजलं नव्हतं आणि उरलेल्यांचं लक्ष वड्यांकडे लागलं होतं.

लोकांना वाटेल, आता माझा हेवा निवला असेल. नाही निवला. शेजारी कोण होतं, हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नाही. साहेबाने नाही, देशकरने नाही, बायकोनेही नाही. तो विचारायचं ह्याच माणसाला सुचावं! केस, उंची, विमान, समुद्र, आणि वर हेही. पंगतीला बसेपर्यंत मी धुमसत होतो.

परब माझ्या उजव्या हाताला येऊन बसले. वाढपी आला. ह्या वेळी मी आधी त्यांच्या पानाकडे पाहिलं. पानात कोंबडी पडली तसं मी म्हटलं, "मला काळा वाटाणा." मला वास आल्यापासून कोंबडीच खायची होती, पण इलाज नव्हता. परबांनी माझ्या पानाकडे पाहिलं, मान हलवली आणि मुकाट्याने वडा मोडला.

डाव्या बाजूचं पान रिकामं होतं. निनाद ईशाच्या शेजारून उठला आणि तिथे येऊन बसला. बराच वेळ नुसता मीठ-लिंबाशी चाळा करत राहिला.

"बाबा," तो म्हणाला, "फोनवर नक्की काय काय म्हणालात? पहिल्यापासून सांगा."

"आता कशाला? जेव."

"सांगा ना. देशकरकाकांना पहिलं काय सांगितलंत?"

मी हातातला घास पानात ठेवला. इतक्या वर्षांनीही आकडे जसेच्या तसे होते.

"डावीकडे दहा अंश," मी म्हटलं.

"डावीकडे दहा अंश," निनाद म्हणाला.

मी म्हटलं, "बरोबर."